बडेबाबूंचा एका झाडाचा बगीचा

पांढुर्ण्यात माणसाकडे संत्र्याचा बगीचा नसणं हा गुन्हा नाही, पण त्याबद्दल खुलासा मात्र द्यावा लागतो. शालिकराम बडेबाबूंनी तो तीस वर्षं दिला. "मी नळखात्यात," एवढंच ते म्हणत आणि समोरचा सहानुभूतीनं मान हलवून विषय बदलत असे. नळखात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर तर तेवढाही खुलासा उरला नाही. बडेबाबू हे नाव तेवढं मोहल्ल्यानं त्यांच्याकडे राहू दिलं.

या खुलाशाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते शेजारच्या पुंडलिकरावांच्या पिशवीचं. पुंडलिकरावांचा गावाबाहेर चारशे झाडांचा बगीचा. दर हिवाळ्यात पहिली तोड झाली की बडेबाबूंच्या दारात संत्र्यांनी भरलेली पिशवी यायची. एकदा नाही, सलग तीस वर्षं. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणून त्यांची बायको प्रमिलाबाई त्या पिशवीत कधी करंज्या, कधी घरचे पापड घालून पाठवायच्या. बडेबाबूंचं समाधान होत नसे. संत्र्याची फेड संत्र्यानंच होते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आयुष्यात एकदा, निदान एकच संत्रं, पण स्वतःच्या झाडाचं, पुंडलिकरावांच्या हातावर ठेवायचं, ही त्यांची इच्छा होती. ती त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती, कारण बायको हसली असती.

म्हणून सौंसरला एका साखरपुड्याला गेले असताना रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत गुडघाभर उंचीचं संत्र्याचं झाड त्यांनी पाहिलं, तेव्हा साखरपुडा त्यांच्याविनाच झाला. "हे लहान आहे का बुटकं आहे?" त्यांनी विचारलं. रोपवाटिकेवाला म्हणाला, "बुटक्या खुंटावर बांधलेलं कलम आहे जी. मोठं होतच नाही. गमल्यात ठेवा, छतावर ठेवा, संत्रं पुऱ्या साइजचं देते." गुडघाभर झाडाला पुऱ्या आकाराचं संत्रं लागतं हे ऐकून बडेबाबूंना लहान मुलासारखं कुतूहल वाटलं. ते झाडाभोवती बसून, वाकून, शेवटी चष्मा काढून सगळीकडून पाहत राहिले आणि गमल्यासकट झाड मांडीवर घेऊन बसनं पांढुर्ण्याला परतले.

आता संत्र्याच्या गावात झाड आणायचं म्हणजे पहिलवानांच्या गल्लीत तालीम काढण्यासारखं. संध्याकाळपर्यंत गच्चीवर अर्धा मोहल्ला जमला. पुंडलिकरावांची आणि बडेबाबूंची गच्ची लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. पुंडलिकराव ती ओलांडून आले आणि त्यांनी झाडाला फेरी मारली. ती दीड पावलात संपली.

"आमी अठरा बाय अठरा फुटावर लावतो," ते म्हणाले. "त्या हिशेबानं तुमचं दुसरं झाड माह्या छतावर येईन, बडेबाबू."

"दुसरं लावायचंच नाही आहे," बडेबाबू म्हणाले.

"मंग याचं लगन कोनासंग लावता?" पुंडलिकरावांच्या पत्नी पंचफुलाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं. सगळे हसले. बडेबाबूही हसले, पण जरा उशिरा.

मंडळी गेल्यावर त्यांनी झाडाची खात्याच्या शिस्तीनं तपासणी केली. माती ठीक, खुंट ठीक, सांधा ठीक. गमला उचलून खाली पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. तळाला अंगठ्याएवढं भोक होतं आणि त्यातून टप टप पाणी गळत होतं. तीस वर्षं ज्या माणसानं गावातली गळती शोधली, ज्याला झोपेतही कुठे नळ टपकला तर ऐकू यायचं, त्याच्या स्वतःच्या गच्चीवर गळती. ते तडक बाजारात जाऊन पाइपची गळती बुजवायची लांबी घेऊन आले आणि भोक असं पक्कं बुजवलं की खात्यातल्या कुठल्याही फिटरनं त्यांना सलाम केला असता. झाड आपल्याकडे आलं हे झाडाचं नशीब, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

पावसाळा सरला, दिवाळी झाली. झाडानं चार नवी पानं काढली, फूल मात्र एकही नाही. इकडे पुंडलिकरावांची पिशवी नेमानं आली आणि बडेबाबूंनी ती नेमानं मान खाली घालून घेतली. शेवटी डिसेंबरात त्यांनी पुंडलिकरावांनाच विचारलं.

"ताण देल्ला का?" पुंडलिकराव म्हणाले.

ताण म्हणजे काय हे पांढुर्ण्यात पोरंसोरंही जाणतात. संत्र्याला बहर आणायचा तर आधी महिनाभर पाणी तोडायचं. पानं वळतात, चौथा हिस्सा झडतात, झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि मग पाणी सोडलं की ते घाबरून फुलांनी भरून जातं. बडेबाबूंनी हे जन्मभर ऐकलं होतं. आता प्रत्यक्ष करायचं म्हटल्यावर त्यांच्या मनात दुसरंच कुतूहल जागं झालं: ज्यानं जन्मभर लोकांना पाणी पोचवलं, त्याला पाणी तोडणं जमेल का?

जमलं. निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी गमल्यात वरून कुटाराचा, भुशाचा, जाड थर दिला, म्हणजे मुळांना थंडी लागणार नाही, आणि प्रमिलाबाईंना ताकीद दिली, "एक थेंबही नाही. सरकारी आदेश समज." मग एक जुनी वही काढून तिच्यात रोजची पानगळ लिहायला सुरुवात केली. पहिला आठवडा, एक पान. दुसरा आठवडा, सहा पानं. तिसऱ्या आठवड्यात तर एका दिवसात अकरा. बडेबाबूंची छाती फुगली. ताण लागू पडत होता. पानं वळण्याऐवजी पिवळी का पडतात हा प्रश्न त्यांना पडला होता, पण बुटक्या झाडाची रीत वेगळी असेल असं म्हणून त्यांनी तो वहीतच ठेवला.

चाळिसावं पान पडलं तेव्हा मात्र त्यांनी वही बाजूला ठेवली. झाडावर मोजून तेवढीच उरली होती. त्यांनी पिवळं पान पाकिटात घातलं आणि फळबागांच्या सरकारी कचेरीत सल्ला विचारायला गेले. तिथे संगणकासमोर दिपाली नावाची मुलगी बसली होती.

"पंजीयन नंबर सांगा, काका."

"माझी नोंदणीच नाही. फक्त या पानाला काय झालं ते सांगा."

"सल्ला पंजीयनवाल्या किसानलेच भेटते. फारम भरून देऊ का?"

दुसरा कोणी असता तर चिडला असता. पण बडेबाबूंना फॉर्म दिसला की घरी आल्यासारखं वाटायचं. ते खुर्ची ओढून बसले. नाव झालं, वडिलांचं नाव झालं.

"रकबा?"

"गमला," बडेबाबू म्हणाले.

"हेक्टरात सांगा."

बडेबाबूंनी पाकिटाच्या मागे गणित केलं. दीड फूट रुंदीच्या गमल्याचे हेक्टर काढले तेव्हा पॉइंटनंतर इतकी शून्यं आली की त्यांनी दोनदा पुसून पुन्हा केलं. संगणकानं तो आकडा घेतला नाही. "पॉइंट शून्य एकच्या खाली घेतच नाही," दिपाली म्हणाली आणि तिनं पॉइंट शून्य एक भरून टाकलं. अशा रीतीनं वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शालिकराम बडेबाबू बागायतदार झाले. छापील कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात, छातीवरच्या, ठेवला. रस्त्यानं जाताना दोनदा तो खिशात आहे ना हे चाचपून पाहिलं. खोटं कशाला बोला, त्यांना फार आनंद झाला होता.

तो पाच दिवस टिकला. सहाव्या दिवशी विजय नावाचे निरीक्षक मोटारसायकलवर मौका पाहणीला आले. "बगीचा कुठं आहे?" त्यांनी विचारलं. प्रमिलाबाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. विजय वर आले, गमल्याकडे पाहिलं, मग गच्चीच्या चारही कोपऱ्यांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडून मोबाइल काढला. भिंतीपलीकडे पुंडलिकराव आणि पंचफुलाबाई येऊन उभे राहिले होते.

"फोटोत झाड, किसान आन् पाण्याचं साधन, तिन्ही पायजे," विजय म्हणाले. "साधन काय?"

"नळ," बडेबाबूंनी गच्चीवरच्या तोटीवर हात ठेवून छायाचित्रासाठी चेहरा गंभीर केला.

"नळाचं नाही चालत बाबूजी. पिण्याचं पाणी बगीच्याले द्याले मनाई आहे. नळखात्याचा जुना आदेश आहे, कनेक्शन कटते."

बडेबाबूंचा हात तोटीवरून आपोआप खाली आला. तो आदेश त्यांना पाठ होता. मसुदा त्यांचाच होता. 'बगीचा' या शब्दात 'कुंड्या, गमले व तत्सम' येतात हा खुलासा त्यांनीच, कुणी मागितला नसताना, जोडला होता आणि त्याबद्दल साहेबांनी शाबासकीही दिली होती. पलीकडे पंचफुलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"पण मी पाणी देतच नाही," बडेबाबू सावरून म्हणाले. "चोवीस दिवसांपासून थेंब नाही. ताण सुरू आहे. वही आहे माझ्याकडे."

"मंग सोपं झालं." विजयनी मोबाइलमध्ये 'असिंचित' भरलं, आणि सल्ला द्यायचा म्हणून सहज कुटार बाजूला करून गमल्यात बोट खुपसलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं आणि बाहेर आलं ते काळ्या चिखलानं माखून. त्यांनी बोटाकडे पाहिलं, बडेबाबूंकडे पाहिलं.

"असिंचित आहे म्हणता?"

बडेबाबूंनी स्वतः बोट घालून पाहिलं. त्यांनी वास घेतला. नदीकाठच्या गाळाचा वास. मागे भिंतीपलीकडे कोणीच उरलं नव्हतं.

अपमान तर झालाच होता, पण त्याहून मोठं कुतूहल त्यांना पोखरत होतं. जिथे पाणी सोडलंच नाही तिथे पाणी आलं कुठून? नोकरीत अशा वेळी त्यांचं एकच उत्तर असे: अवैध कनेक्शन. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते जिन्याच्या दारामागे स्टुलावर बसले, दाराला बोटभर फट ठेवून.

साडेसहाला प्रमिलाबाई कपडे वाळत घालायला आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पदराखालून तांब्या काढून गमल्यात रिकामा केला. "पी बापा," त्या झाडाला म्हणाल्या, "त्यायचं नोको मनावर घेऊ." बडेबाबूंनी वहीत नोंद केली. आठला भिंतीपलीकडून पंचफुलाबाईंचा हात आला, हातात डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं. तेही गमल्यात गेलं. बडेबाबूंनी दुसरी नोंद केली. दोन कनेक्शनं सापडली म्हणून ते उठणार, इतक्यात पलीकडच्या गच्चीवर पुन्हा चपला वाजल्या. बगीच्यात जायचे कपडे घातलेले पुंडलिकराव, हातात लोटा. त्यांनी भिंतीवरून वाकून अगदी सावकाश, आवाज न करता, पाण्याची धार सोडली.

बडेबाबू दार उघडून बाहेर आले. लोटा हातात तसाच राहिला.

"पुंडलिकराव," बडेबाबू म्हणाले, "ताण द्यायला तुम्हीच सांगितलं होतं."

"होय न."

"मग हे काय करून राहिले?"

पुंडलिकरावांनी लोटा भिंतीवर ठेवला. "सांगू का बडेबाबू, चारशे झाडं हायत माही. त्यायले ताण असते तवा मी वावरात जातच नाही. गड्याले पाठवतो. पाहवत नाही मले. अन् हे येकलं झाड आमच्या खिडकीतून रोज दिसते. पिवळं पडून राहिलं. म्हटलं एक लोटा टाकू, कोनाले काय समजते."

चाळीस वर्षं झाडांना ताण देणारा माणूस असं बोलेल हे बडेबाबूंना खरं वाटेना. रागवायचं म्हणून ते दारामागे बसले होते, तो राग आता सापडेना. पुंडलिकराव भिंत ओलांडून आले, गमला तिरका करून तळ पाहू लागले.

"पर इतकं पाणी गेलं कुठं? खाली छेद नाही?"

"होता. बुजवला."

"काऊन?"

"गळत होता," बडेबाबू म्हणाले.

पुंडलिकरावांनी गमला सरळ केला. चाळीस वर्षांच्या संत्रा बागायतीत त्यांना बऱ्याच गोष्टी सांगायला सुचल्या असतील, पण त्यांनी एकही सांगितली नाही, आणि बडेबाबूंना त्यांचे आभार मानावेत असं वाटलं. दोघांनी खिळा आणि हातोडा घेऊन भोक मोकळं केलं. महिन्याभराचं काळं पाणी गच्चीभर वाहिलं, जिन्यानं खाली उतरलं, आणि प्रमिलाबाईंनी खालून विचारलं की वर कोणाच्या म्हशीचा गोठा धुवून राहिले. झाड उपसलं, सडलेल्या मुळ्या कापल्या, कोरड्या मातीत बसवलं. मग खरोखरचे पंधरा दिवस कोणीही पाणी दिलं नाही. बडेबाबूंनी दारामागचं स्टूल मात्र हलवलं नाही, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

मग पाणी सोडलं, आणि फेब्रुवारीत त्या उघड्याबोडक्या झाडाला नऊ फुलं आली. सकाळी गच्चीचं दार उघडलं की संत्र्याच्या फुलांचा वास. बडेबाबू दहा वेळा वर जात, दर वेळी निमित्त वेगळं. त्यांना नवल वाटायचं ते याचं की वास झाडाच्या उंचीप्रमाणे कमी नव्हता. नऊपैकी चार फळं धरली. एक मे महिन्याच्या वावटळीनं पाडलं. दोन वांदरांनी नेली, भर दुपारी, पंचफुलाबाईंच्या डोळ्यांदेखत. त्यांनी जामसांवलीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाल्या, "मारुतीच्या घरचे हायत, काय म्हणाव त्यायले." बडेबाबूंना म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. उरलेल्या एका फळावर त्यांनी प्रमिलाबाईंची पिठाची जुनी चाळणी बांधली, आणि पुढचे सहा महिने घरात चाळल्याविना पोळ्या झाल्या.

नोव्हेंबर अर्धा सरला. फळ पुऱ्या आकाराचं झालं, रोपवाटिकेवाला खरं बोलला होता. पण रंग अजून एका गालावरच चढला होता. आणखी पंधरा दिवस झाडावर राहिलं असतं तर गोडी भरली असती, हे बडेबाबूंनाही कळत होतं. पण एका शनिवारी संध्याकाळी पुंडलिकराव भिंतीवरून म्हणाले, "परवा पहिली तोड हाय आमची." म्हणजे परवा पिशवी येणार. एकदा ती दारात आली की बडेबाबूंचं संत्रं हे पिशवीचं उत्तर होऊन बसणार, करंज्या-पापडांसारखं. देणं वेगळं आणि परत करणं वेगळं. हा फरक बायकोला समजावून सांगता आला नसता, म्हणून त्यांनी रात्रभर तो स्वतःलाच सांगितला.

रविवारी सकाळी त्यांनी चाळणी सोडली, कात्रीनं देठासकट, एका पानासकट संत्रं कापलं, धुतलेल्या रुमालात ठेवलं आणि इस्त्रीचा सदरा घालून शेजारी गेले. गच्चीवरची भिंत ओलांडून नाही, रस्त्यानं, पुढच्या दारानं.

पुंडलिकराव पडवीत चहा पीत होते. बडेबाबूंनी रुमाल उलगडला. घरून पाठ करून आणलेली दोन वाक्यं होती, ती आठवेनात.

"तुमच्यासाठी," ते म्हणाले.

पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला. संत्रं हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि त्यांना पुढे काय करायचं असतं तेच कळेना. ते उगाच खुर्चीतून उठले, परत बसले.

"माह्यासाठी?" ते म्हणाले. "बडेबाबू, माहं वय पासष्ट. जन्म संत्र्यात गेला. पर कोनी मले संत्रं आणून देल्लं नाही आजवर. बगीचेवाल्याले कोन देते जी संत्रं?"

बडेबाबूंना हे कधी सुचलंच नव्हतं. तीस वर्षं ते आपल्याकडे नसलेल्या झाडांचा विचार करत होते. चारशे झाडांच्या माणसाला काय मिळालं नसेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते रिकाम्या रुमालाची घडी करू लागले.

पुंडलिकरावांनी संत्रं सोललं. साल सुटेना, अर्धकच्चंच होतं. पहिली फोड तोंडात घातली आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. संत्र्यातलं ज्याला काही कळत नाही त्यालाही कळलं असतं की फळ आंबटढाण आहे. त्यांनी दुसरी फोड खाल्ली. तिसरी खाल्ली. बिया हातात जमवत, न थांबता, गावातल्या सगळ्यात गोड बगीच्याचा मालक ते खात राहिला.

आतून पंचफुलाबाई आल्या. "बडेबाबूचं का? पाहू बरं कसं निघालं," म्हणत त्यांनी एक फोड घ्यायला हात पुढे केला.

पुंडलिकरावांनी हात मागे ओढला. "तुले उद्या बगीच्यातून गाडीभर येतात, ते खाय," ते म्हणाले. "हे त्यायनं मले आणलं."